अंतरपाट नसलेली लग्नं

महाराष्ट्रात लग्नाचे फोटो काढणाऱ्याला कुठे उभं राहायचं, हे विधीच सांगतो. मंगलाष्टकं संपत आली की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात किंचित सैल पडतात, नवरीमागे उभा असलेला मामा सावरून उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी अक्षता, वाजंत्री, हार सगळं एकदम होतं. सरावलेला फोटोग्राफर तो क्षण सहसा चुकवत नाही. कानपिळीला नवरीचा भाऊ कुठून पुढे येणार, लाजाहोमाच्या वेळी धूर कुणाच्या डोळ्यांत जाणार, सूनमुख बघताना आरसा कोण धरणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. शेकडो वर्षांच्या रीतीने त्याच्यासाठी जागा आखून ठेवलेल्या असतात.

या पुस्तकातल्या लग्नांना अशा आखलेल्या जागा नाहीत. यातली काही विवाह नोंदणी कार्यालयात लागली, काही घराच्या ओटीवर, एक वृद्धाश्रमाच्या भोजनगृहात, एक भर पावसात देवराईच्या कडेला. काहींमध्ये भटजी नव्हते, काहींमध्ये आईवडील नव्हते. एका लग्नात दोघीही नवऱ्या होत्या. एकात नवरा बहात्तर वर्षांचा होता आणि त्याची नात करवली होती. अशा ठिकाणी फोटोग्राफर काय करतो, कशाच्या आधाराने उभा राहतो आणि कधी कॅमेरा खाली ठेवतो, याचं हे पुस्तक आहे. माझी धारणा अशी आहे की या लग्नांत फोटो शोभेसाठी नसतो. तो साक्षीला असतो. मला या कामातलं जे काही समजलं आहे, ते या एका गोष्टीतून समजलं आहे.

ही लग्नं नवीन नाहीत, हे आधीच सांगायला हवं. हल्ली 'हटके लग्न' या नावाखाली जे विकलं जातं, त्यामुळे असा समज होतो की चौकट मोडण्याची हौस या पिढीला आली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढे १८८९ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या मुलाचं, यशवंताचं लग्न याच पद्धतीने लावलं. जुन्नरजवळच्या ओतूरला पुरोहिताविना लग्न लावलं म्हणून ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या लोकांचा बहिष्कार सोसला. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह दिल्लीत बाबासाहेबांच्या निवासस्थानीच नोंदवला गेला. आज एखादं जोडपं माझ्यासमोर बसून "आम्हाला जरा वेगळं करायचंय" असं संकोचत म्हणतं, तेव्हा मी त्यांना ही यादी सांगते. त्यांचा संकोच जातो. आपल्या मागे एवढी मोठी माणसं उभी आहेत, हे कळल्यावर माणूस फोटोतसुद्धा वेगळा दिसतो.

सत्यशोधक लग्नाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे माझी नजर बदलली. वैदिक विधीत पाहण्यासारखं सगळं हातांत असतं. पाणी सोडणं, हातावर हात ठेवणं, हार घालणं. नवरा-नवरी बहुतेक वेळ गप्प असतात, बोलतात ते भटजी. जोतिरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत मात्र वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती स्त्रीच्या हक्कांबद्दल बोलते, तो तिला शब्द देतो. म्हणजे त्या लग्नाचा गाभा चेहऱ्यावर आणि आवाजात असतो. सुरुवातीला सवयीने माझा कॅमेरा सारखा हातांकडे जायचा आणि हात तर नुसते बाजूला लोंबत असायचे. मग मी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघायला लागले. ती बोलत असताना तो कसा ऐकतो, त्याची मान किती झुकते, त्याची आई पहिल्या रांगेत काय करते. हल्लीच्या सत्यशोधक लग्नांत अनेकदा संविधानाची प्रास्ताविका वाचली जाते, तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकतात, आहेर म्हणून पुस्तकं देतात. हे सगळं फोटोत छान येतं, पण ते अल्बमची पानं भरायला पुरतं. लग्न घडतं ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर.

आता कचेरीकडे येते. फोटोग्राफरांना या जागेचा कंटाळा असतो आणि मला ती सर्वांत जास्त आवडते.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. आधी नोटीस द्यायची. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवं. नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते, तीस दिवसांत कुणी कायदेशीर हरकत घेतली नाही तर लग्न होऊ शकतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत ते करावं लागतं. त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना पती आणि पत्नी म्हणून स्वीकारल्याचं उच्चारायचं आणि सह्या करायच्या. सगळं काही मिनिटांत उरकतं. बाहेर पुढचं जोडपं वाट बघत असतं, आत पंखा फिरत असतो, टेबलावर फायलींचे गठ्ठे असतात आणि साहेबांना जेवणाच्या सुट्टीआधी आणखी दोन प्रकरणं संपवायची असतात.

इथला उजेड सरकारी असतो. छताला ट्यूबलाइट, एका बाजूला खिडकी आणि खिडकीवर कपाट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. शटर त्याहून वेगाने उघडलं तर एका फोटोत चेहरा हिरवट, पुढच्यात पिवळट, तिसऱ्यात आडवे पट्टे. म्हणून शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं, आयएसओ वाढवायचा आणि हात स्थिर ठेवायचा. फ्लॅश मारायचा नाही. तो मारला की खोलीतला प्रत्येक माणूस दचकतो, अधिकारी त्रासून वर बघतो आणि जे काही मिनिटांत मिळणार होतं ते हातचं जातं. आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरावं, तर एलईडी दिव्यांखाली पुन्हा पट्टे येतात. या सगळ्याचा अभ्यास आदल्या दिवशी जाऊन करायचा. शिपायाशी बोलायचं, खिडकी कधी उघडी असते ते विचारायचं, अधिकाऱ्याची रीतसर परवानगी मागायची. मी नेहमी आदल्या दिवशी जाते. कचेरीतला माणूस आपल्याला ओळखायला लागला की दुसऱ्या दिवशी तोच खुर्ची सरकवून जागा करून देतो.

आणि सह्या. वहीवर सही करताना माणूस एकटा होतो. शेजारी जन्माचा जोडीदार उभा असला तरी पेन कागदाला टेकतं त्या वेळी चेहऱ्यावर दुसरं कुणी नसतं. मंडपातल्या लग्नात असा एकटेपणा दिसत नाही, कारण तिथे माणसाला एकटं सोडतच नाहीत. या पुस्तकात सह्यांचे फोटो बरेच आहेत आणि ते मुद्दाम ठेवले आहेत. साक्षीदारांच्या सह्यांचेही आहेत. घरून कुणी आलेलं नसतं तेव्हा साक्षीदार कोण होतं, हे बघण्यासारखं असतं. कॉलेजातली मैत्रीण, कंपनीतला सहकारी, एकदा तर ज्या खानावळीत दोघं जेवायची तिथल्या मावशी. मावशींनी सही करताना नाव तीनदा मनात म्हणून पाहिलं, तो फोटो चौथ्या प्रकरणात आहे.

एका जोडप्याला मी सूचनाफलकासमोर उभं केलं होतं. फलकावर कागद दाटीने लावलेले, बाजूने उजेड सुरेख येत होता. नवरी हळूच म्हणाली, "ताई, मागचे कागद दिसायला नकोत. त्यावर बाकीच्यांची नावं-पत्ते आहेत." आम्ही जिन्यावर गेलो. तिने स्वतःचा तीस दिवसांचा काळ त्याच फलकामुळे धाकधुकीत काढला होता, म्हणून तिच्या ते लक्षात आलं. घरच्यांचा विरोध असलेल्या मुलामुलींसाठी ही जाहीर नोटीस म्हणजे आपला ठावठिकाणा सांगणं असतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. २०१८ मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश दिले. हे निर्देश फोटोग्राफरलाही माहीत असावेत असं मला वाटतं. कारण आपल्याकडे आलेलं जोडपं कधी कधी पोलिसांकडे जायच्या आधी आपल्याकडे आलेलं असतं.

याच कायद्यातली एक सोय फार थोड्यांना माहीत असते. कलम १२ प्रमाणे जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या, आपल्या पसंतीच्या जागी बोलावता येतं आणि लग्नाची पद्धतही दोघांना ठरवता येते. म्हणजे नोंदणी विवाह आजोळच्या अंगणात होऊ शकतो, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या खोलीत होऊ शकतो. हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते. गोव्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार सगळ्याच धर्मांच्या लोकांना नागरी नोंदणी करावी लागते आणि ती दोन टप्प्यांत होते. लोक त्यांना पहिली सही, दुसरी सही असं म्हणतात. गोव्यात किनाऱ्यावर झगमगीत लग्नं करायला बाहेरून येणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो. मला त्या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांचे फोटो काढायला मिळाले, ते या पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण.

फोटो साक्षीला असतो असं मी म्हणाले, ते शब्दशः खरं आहे. महाराष्ट्रात विधीने झालेल्या लग्नाची नोंदणी करताना लग्नपत्रिकेसोबत लग्नाचा फोटो मागतात. आंतरजातीय विवाहासाठी राज्यात ५० हजार रुपयांचं साहाय्य मिळतं, त्या अर्जालाही जोडप्याचा एकत्र फोटो लागतो. आळंदीला जाऊन घाईत लग्न करणाऱ्या जोडप्यांजवळ पत्रिका नसते, नातेवाईक नसतात. हार घातलेला एक फोटो असतो आणि उद्या कुणी "लग्न झालंच नाही" म्हणालं तर तो पुढे करावा लागतो. अशा फोटोत पार्श्वभूमी धूसर करून चालत नाही. दोघांचे चेहरे, गळ्यातले हार, लग्न लावणारा आणि साक्षीदार एका चौकटीत स्वच्छ दिसले पाहिजेत. कलात्मक फोटो नंतर काढावेत. आधी हा एक काढून दोन कार्डांवर साठवावा आणि त्याच संध्याकाळी जोडप्याच्या हातात द्यावा.

जो फोटो वाचवतो तोच घातही करू शकतो. मोबाइलवर काढलेल्या आणि काही कॅमेऱ्यांवरच्याही फायलीत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. ते पुसल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नये. खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, सोसायटीचं नाव, यातलं काहीही माग काढायला पुरतं. लग्न झाल्या झाल्या आपल्या पानावर फोटो टाकायची या धंद्याला जडलेली घाई इथे माणसाच्या जिवावर येऊ शकते. यात मला कुठलीही सवलत मान्य नाही. आणि कायदाही आपल्या बाजूने नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. काढणारा नसतो. बरेच फोटोग्राफर उलटं समजतात. म्हणून माझ्या करारात काम सांगणारे म्हणून दोघांची नावं असतात, पैसे मामाने दिले असले तरी. पुढे घरात बिनसलं तर फोटोंवरचा हक्क त्या दोघांकडेच राहावा, एवढाच त्यामागचा हेतू.

समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत हा साक्षीचा प्रश्न आणखी धारदार होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तरी लग्नं होतात. भाड्याच्या घरात, मैत्रिणीच्या शेतावर, दारं लावून किंवा शंभर पाहुणे बोलावून. या लग्नांची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. बाकीच्यांसाठी अल्बम ही प्रमाणपत्रानंतरची गोष्ट असते, यांच्यासाठी अल्बमच्या पलीकडे काहीच नसतं. त्या दोघींच्या लग्नात मला हे सतत जाणवत होतं आणि त्या जाणिवेने मी जास्त सावध, जास्त नेटकं काम केलं. सवयीने तोंडात येणारे शब्दही तिथे बदलावे लागतात. "नवरदेव इकडे, नवरी तिकडे" म्हणून भागत नाही. कोण कुठे उभं राहणार, आधी कोण येणार, मंगळसूत्र असेल तर कोण कुणाला घालणार, कुठल्या नावाने हाक मारायची, हे आधी बसून विचारायचं. आणि एकदा विचारायची सवय लागली की प्रत्येकच जोडप्याला विचारावंसं वाटतं. आता मी पारंपरिक लग्नातही विचारते आणि मुली आश्चर्याने सांगतात की असं कुणी विचारलंच नव्हतं.

उतारवयातल्या लग्नांबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडंच. त्यात बऱ्याचदा मुलं नाराज असतात आणि नातवंडं खूश असतात. पुनर्विवाहानंतर अनेक विधवांचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं, म्हणून काही जोडपी चार माणसांत हार घालतात आणि नोंदणी करत नाहीत. समाज त्यांना नावं ठेवतो, हिशेब मात्र सरकारच्या नियमाचा असतो. त्या भोजनगृहातल्या लग्नात आजोबांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "बाळ, पहिल्या लग्नात फोटो काढायला पैसे नव्हते. या वेळी सगळे काढ." मी सगळे काढले, पंगतीतल्या प्रत्येक पानासकट.

जागांविषयी मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. वेगळं लग्न म्हणजे वेगळी जागा, या समजुतीने सह्याद्रीचं बरंच नुकसान चाललं आहे. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. तिथली फुलं बोटभर मातीच्या थरावर उगवतात आणि एका घेरदार झग्याच्या फेरीत तुडवली जातात. मी तिथे शूट घेत नाही, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी. संरक्षित किल्ल्यांवरही परवानगीशिवाय नाही, आणि धुराचे फटाके घेऊन तर कधीच नाही. माझ्या मते जागेशी दोघांचं काही नातं असावं. देवराईच्या कडेला झालेल्या लग्नातली मुलगी त्या गावची होती, तिचे वडील त्या देवराईसाठी आयुष्यभर भांडले होते. तिथे पाऊस धो धो कोसळत होता, लेन्सवर वाफ धरत होती, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी काम केलं आणि त्या दिवसाचे अर्धे फोटो धूसर आले. ते तसेच छापले आहेत. त्या दिवशी तिथलं हवामान तसंच होतं.

समुद्रकाठच्या लग्नाला तर मुहूर्त भरती-ओहोटी बघून काढावा लागतो. कोकणातल्या कोळ्याला तिथी सांगा, तो पाणी कधी चढेल ते तोंडी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. शहरातून येणाऱ्या आयोजकांनी सूर्यास्ताची वेळ बघितलेली असते, पाण्याची नाही. मग वाळूवर मांडलेल्या खुर्च्या ऐन लग्नात उचलाव्या लागतात. संध्याकाळचा सोनेरी उजेड आणि ओहोटी जुळतील असे दिवस महिन्यात थोडेच सापडतात. जोडप्याला तारीख ठरवायच्या आधी हे सांगणं फोटोग्राफरचंच काम आहे.

या फोटोंसाठी प्रत्येक जोडप्याची लेखी परवानगी घेतली आहे, आणि छपाईआधी पुन्हा एकदा विचारलं आहे, कारण लग्नाच्या वेळी दिलेली परवानगी चार वर्षांनी तशीच राहील असं नसतं. काहींनी ती मागे घेतली. एका मुलीला नव्या गावी नोकरी लागली होती आणि तिथे तिची जात कुणाला ठाऊक नव्हती. एका जोडप्याचं घरच्यांशी नुकतंच पुन्हा बोलणं सुरू झालं होतं आणि जुने घाव उघडे पडायला नको होते. त्यांचे फोटो काढून टाकले आहेत. जिथे जोडप्याने होकार दिला तिथे नुसती हकिगत ठेवली आहे, नावं-गावं बदलून. काही फोटोंत फक्त हात आहेत किंवा पाठमोरी माणसं आहेत. तशी ती काढायचं त्या दिवशीच ठरलं होतं.

प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांना स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीने करायचं आहे, त्यांना शेवटच्या प्रकरणात नोटिशीपासून सहीपर्यंतचा सगळा क्रम मिळेल. नव्याने या कामात येणाऱ्यांनी मात्र आधी कचेरीच्या उजेडावरचं तिसरं प्रकरण वाचावं आणि जवळच्या विवाह नोंदणी कार्यालयात कॅमेरा न घेता एक सकाळ बाकावर बसून यावं.